ॲडमिरल जॉन जेलिको यांची नौदलातील कारकीर्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतील ब्रिटिश नौदल एका माणसाच्या आयुष्यातून समजून घ्यायचे असेल, तर जॉन रशवर्थ जेलिको यांच्याइतका योग्य माणूस मला दुसरा दिसत नाही. त्यांच्याबद्दल विचारले जाणारे बहुतेक प्रश्न १९१६ च्या जटलंडच्या लढाईभोवती फिरतात. मात्र त्या संध्याकाळचे त्यांचे निर्णय आधीच्या चाळीस वर्षांत घडत आले होते, अशी माझी ठाम समजूत असल्याने येथे त्या वर्षांनाही जागा दिली आहे.

जेलिको कोण होते?

पहिल्या महायुद्धाच्या पहिल्या दिवसापासून नोव्हेंबर १९१६ पर्यंत ते ब्रिटनच्या ‘ग्रँड फ्लीट’ या मुख्य युद्धताफ्याचे सरसेनापती होते. त्यानंतर डिसेंबर १९१७ पर्यंत ते फर्स्ट सी लॉर्ड, म्हणजे नौदलाचे सर्वोच्च व्यावसायिक अधिकारी होते. त्यांचा जन्म ५ डिसेंबर १८५९ रोजी साउथॅम्प्टन येथे झाला आणि मृत्यू २० नोव्हेंबर १९३५ रोजी लंडनमध्ये झाला.

ते खरोखरच बाराव्या वर्षी नौदलात दाखल झाले का?

होय, आणि त्या काळात यात नवल नव्हते. अधिकारी होऊ पाहणाऱ्या मुलांना बारा-तेराव्या वर्षी डार्टमथच्या नदीत नांगरून ठेवलेल्या ‘ब्रिटानिया’ या जुन्या जहाजावर पाठवले जाई. शाळा, वसतिगृह आणि शिस्तीचे आगर अशा तिन्ही भूमिका ते जहाज पार पाडत असे. जेलिको १८७२ मध्ये तेथे गेले आणि दोन वर्षांनी आपल्या तुकडीत पहिले येऊन मिडशिपमन, म्हणजे शिकाऊ अधिकारी, म्हणून बाहेर पडले. त्यांचे वडील प्रवासी व टपाल वाहतूक करणाऱ्या एका कंपनीच्या जहाजावर कप्तान होते. घरात समुद्र होता, पण मोठी जहागीर किंवा दरबारी वशिला नव्हता. पहिल्या नेमणुकीचे ‘न्यूकॅसल’ हे जहाज शिडे आणि वाफ अशा दोन्हींवर चालणारे होते, आणि वादळात डोलकाठीवर चढून शिडे गुंडाळण्याची कामे या मुलानेही केली.

तोफखान्याची शाखा त्यांनी का निवडली?

बुद्धिमान तरुण अधिकाऱ्यांचा ओढा तेव्हा त्याच शाखेकडे होता. १८८० नंतर तोफांचा पल्ला, स्फोटके, चिलखत आणि नेम धरण्याची साधने एवढ्या झपाट्याने बदलू लागली, की गणित पक्के असलेल्या माणसाला तेथे मोल आले. जेलिको यांनी पोर्ट्समथच्या ‘एक्सलंट’ या तोफखाना प्रशालेत शिक्षण घेतले आणि ग्रिनिचच्या नौदल महाविद्यालयात ८० पौंडांचे पारितोषिक मिळवले. ‘एक्सलंट’चे प्रमुख असलेले कॅप्टन जॉन फिशर यांची नजर त्यांच्यावर पडली ती याच काळात. फिशर पुढे नौदलाचा कायापालट करणारे फर्स्ट सी लॉर्ड झाले आणि महायुद्ध पेटले तर मुख्य ताफा जेलिको यांच्याच हाती असला पाहिजे, असा आग्रह त्यांनी कित्येक वर्षे धरला.

ही कारकीर्द कागदावरच्या आकडेमोडीत बंदिस्त नव्हती. १८८२ च्या इजिप्तमधील मोहिमेत ते उतरले होते. १८८६ मध्ये जिब्राल्टरजवळ संकटात सापडलेल्या एका आगबोटीच्या खलाशांना वाचवण्यासाठी ते खवळलेल्या समुद्रात होडी घेऊन गेले. ती होडी उलटली, तरी सर्वजण बचावले, आणि या धाडसाबद्दल त्यांना रौप्यपदक मिळाले.

‘व्हिक्टोरिया’ जहाजाच्या दुर्घटनेत ते कसे वाचले?

‘व्हिक्टोरिया’ ही भूमध्य सागरातील ताफ्याची ध्वजनौका, म्हणजे सेनापतीचे जहाज होती आणि कमांडर जेलिको हे तिच्यावरचे, कप्तानाच्या खालोखालचे अधिकारी होते. २२ जून १८९३ रोजी आजच्या लेबनॉनमधील त्रिपोली शहराच्या किनाऱ्याजवळ ॲडमिरल जॉर्ज ट्रायन यांनी समांतर चाललेल्या दोन रांगांना एकमेकींच्या दिशेने वळण्याचा हुकूम दिला. दोन रांगांमधील अंतर त्या वळणाला पुरेसे नव्हते. हे अनेकांना दिसत असूनही हुकूम पाळला गेला, ‘कॅम्परडाउन’ ध्वजनौकेवर येऊन आदळली आणि ‘व्हिक्टोरिया’ थोड्याच मिनिटांत बुडाली. ट्रायन यांच्यासह ३५८ जण मरण पावले. जेलिको त्या वेळी माल्टा ज्वराने अंथरुणाला खिळलेले होते. तापलेल्या अंगाने ते वर आले, माणसांना बाहेर काढण्याच्या कामाला लागले आणि शेवटी पाण्यात पडल्यावर एका तरुण मिडशिपमनच्या मदतीने तरंगत राहिले.

या घटनेचा त्यांच्या मनावर काय परिणाम झाला असेल, याचा अंदाज मी त्यांच्या पुढच्या वागण्यावरून बांधतो. पुढे ताफ्यासाठी त्यांनी तयार केलेल्या सूचना इतक्या तपशीलवार होत्या की टीकाकारांनी त्यांना जाचक म्हटले. मोठ्या ताफ्याच्या हालचालीत एका चुकीच्या हुकमाची किंमत काय असते, हे पाण्यात तरंगत पाहिलेल्या माणसाच्या त्या सूचना होत्या, एवढे वाचकाने ध्यानात ठेवावे.

चीनमध्ये त्यांना गोळी कशी लागली?

१९०० च्या बॉक्सर उठावात पेकिंगमधील परदेशी वकिलाती वेढल्या गेल्या. त्यांच्या सुटकेसाठी ॲडमिरल एडवर्ड सेमूर आठ राष्ट्रांचे सुमारे २,००० खलाशी व सैनिक घेऊन जूनमध्ये तिएन्त्सिनहून निघाले. सेमूर यांच्या ‘सेंच्युरियन’ या ध्वजनौकेचे कप्तान असलेले जेलिको त्यांच्याबरोबर होते. रेल्वेमार्ग उखडलेले असल्याने ही तुकडी पेकिंगला पोहोचू शकली नाही, आणि माघारीच्या वाटेवर २१ जून रोजी बेइचांग येथील चकमकीत जेलिको यांच्या छातीत गोळी घुसली. ते वाचणार नाहीत असे डॉक्टरांना वाटले आणि त्यांनी तेथेच मृत्युपत्रही केले. ते वाचले, पण गोळी डाव्या फुप्फुसात कायमची राहिली. या मोहिमेत जर्मन तुकडीही त्यांच्या खांद्याला खांदा लावून लढली होती आणि जर्मन सम्राटाने त्यांना ‘रेड ईगल’ हा सन्मान दिला. सोळा वर्षांनी त्याच सम्राटाच्या ताफ्यासमोर ते उभे ठाकणार होते.

कॅप्टनचा ॲडमिरल कसा होत असे?

लेफ्टनंटपासून कमांडर आणि कमांडरपासून कॅप्टन या बढत्या निवडीने होत आणि तेथेच बहुतेकांची वाट अडत असे. कॅप्टनांच्या यादीत नाव लागल्यावर मात्र पुढचा क्रम केवळ ज्येष्ठतेने ठरे. जेलिको १ जानेवारी १८९७ रोजी कॅप्टन आणि फेब्रुवारी १९०७ मध्ये रिअर ॲडमिरल झाले. हुद्दा ज्येष्ठतेने मिळे, पण कोणाला कोणती जागा द्यायची हे नौदल मंडळ, म्हणजे ॲडमिरल्टी ठरवत असे. जेलिको यांना लाभलेली कृपा होती ती या नेमणुकांत.

त्यांच्या लग्नाचा मुंबईशी काही संबंध आहे का?

थेट नाही, पण एक धागा जरूर आहे. १९०२ मध्ये त्यांचा विवाह ग्वेंडोलिन केझर यांच्याशी झाला. सासरे सर चार्ल्स केझर यांनी तरुणपणी मुंबईत नोकरी केली होती. पुढे त्यांनी स्थापन केलेल्या ‘क्लॅन लाईन’ या जहाज कंपनीचा जम बसला तो ब्रिटन ते मुंबई या मार्गावर. ग्वेंडोलिन यांची बहीण चार्ल्स मॅडन यांना दिली होती, आणि हेच मॅडन पुढे ग्रँड फ्लीटमध्ये जेलिको यांचे चीफ ऑफ स्टाफ झाले.

‘ड्रेडनॉट’ युद्धनौकांच्या उभारणीत त्यांचा वाटा काय होता?

या प्रश्नाचे उत्तर नीट समजले, तर पुढचे अर्धे वाद आपोआप मिटतात, म्हणून येथे जरा थांबतो.

फिशर यांनी नव्या धर्तीच्या युद्धनौकेचा आराखडा ठरवण्यासाठी जी समिती नेमली, तिच्यात जेलिको होते. एकाच जातीच्या अवजड तोफा आणि टर्बाइन इंजिने असलेली ‘ड्रेडनॉट’ फेब्रुवारी १९०६ मध्ये पाण्यात उतरली आणि जगातील बाकीच्या सर्व युद्धनौका एका दिवसात जुन्या ठरल्या. १९०५ पासून जेलिको नौदलाच्या तोफखान्याचे संचालक होते, तर १९०८ ते १९१० या काळात कंट्रोलर आणि थर्ड सी लॉर्ड या नात्याने जहाजबांधणी त्यांच्या हाताखाली होती. जर्मनीशी चाललेल्या स्पर्धेत १९०९ साली ब्रिटनने एकदम आठ अवजड युद्धनौकांचा कार्यक्रम हाती घेतला, तोही याच काळात.

त्यामुळे ब्रिटिश जहाजांची ताकद त्यांना ठाऊक होती, आणि उणिवाही. जर्मन जहाजे अधिक रुंद होती, कारण तेथे गोद्याही तशाच बांधल्या जात होत्या. ब्रिटनमध्ये मात्र असलेल्या गोदीत मावेल एवढेच जहाज बांधावे लागे. रुंद जहाजाला जाड चिलखत आणि पाण्याखालचा बंदोबस्त अधिक चांगला देता येतो. तोफांचा व्यास ब्रिटनकडे मोठा होता, पण तोफ मोठी असून चालत नाही, तिचा गोळाही कामाचा असावा लागतो. लांब पल्ल्यावर गोळा चिलखतावर तिरपा येऊन आदळतो. अशा वेळी तो आत शिरून फुटला पाहिजे. ब्रिटिश गोळे मात्र आत शिरण्याआधीच फुटत किंवा तुटून जात. ऑक्टोबर १९१० मध्ये जेलिको यांनी तिरप्या आघातातही चिलखत भेदून आत फुटेल असा गोळा तयार करण्याची मागणी तोफखाना मंडळाकडे केली. दोनच महिन्यांनी ते अटलांटिक ताफ्याच्या सेनापतिपदावर गेले आणि त्यांच्या पाठीमागे कोणीही त्या मागणीचा पाठपुरावा केला नाही. सुधारलेले गोळे ताफ्याच्या हाती आले ते १९१८ मध्ये. नौदलाच्या कारभारातील या एका दिरंगाईने किती जर्मन जहाजे घरी सुखरूप परतली, याचा विचार करताना आजही वाईट वाटते.

१९१४ मध्ये ग्रँड फ्लीटची सूत्रे त्यांना कशी मिळाली?

अतिशय अवघड रीतीने मिळाली. जुलैच्या अखेरीस त्यांना उत्तरेकडे स्कापा फ्लो येथे पाठवण्यात आले. तेथे ॲडमिरल जॉर्ज कॅलहन सरसेनापती होते आणि सारा ताफा त्यांना मानत होता. प्रसंग पडल्यास आपल्याला कॅलहन यांची जागा घ्यावी लागेल, हे कळल्यावर जेलिको यांनी नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल यांना एकामागून एक तारा पाठवून ऐन युद्धाच्या तोंडावर हा बदल करू नये, अशी विनंती केली. ती मान्य झाली नाही. ४ ऑगस्ट १९१४ रोजी, युद्ध पुकारले गेले त्याच दिवशी, त्यांनी ‘आयर्न ड्यूक’ या ध्वजनौकेवर सूत्रे स्वीकारली. मोठे पद मिळत असताना ते नको म्हणून तारा करणारा अधिकारी विरळाच, आणि त्या तारांत दिखावा नव्हता असे मी मानतो.

लढाईआधीच त्यांनी माघारीची परवानगी मागून ठेवली होती, हे खरे का?

अर्धे खरे. ३० ऑक्टोबर १९१४ रोजी त्यांनी ॲडमिरल्टीला पत्र लिहून आपली युद्धपद्धती स्पष्ट केली. पळणारा शत्रू आपल्याला पाणसुरुंग आणि पाणबुड्यांच्या सापळ्याकडे ओढत आहे असे दिसले, तर मी त्याच्या पाठीमागे सरळ घुसणार नाही, आणि यावरून उद्या माझ्यावर ठपका येऊ शकतो याची मला जाणीव आहे, असा त्या पत्राचा आशय होता. ॲडमिरल्टीने नोव्हेंबरमध्ये त्याला संमती दिली.

पत्राच्या तीनच दिवस आधी आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्याजवळ ‘ऑडेशस’ ही नवी कोरी युद्धनौका एकाच सुरुंगाने बुडाली होती. ब्रिटनचे अन्न, व्यापार, सैन्याची वाहतूक आणि जर्मनीची नाकेबंदी हे सारे या ताफ्याच्या अस्तित्वावर टिकून होते. ताफा शाबूत राहिला तर नाकेबंदी चालू राहणार होती, आणि तो गमावला तर युद्धच गमावले जाणार होते. एका दुपारात युद्ध हरू शकेल असा दोन्ही पक्षांत हा एकच माणूस होता, असे चर्चिल यांनी पुढे म्हटले. ते अक्षरशः खरे होते.

३१ मे १९१६ रोजी जटलंड येथे नेमके काय घडले?

डेन्मार्कच्या पश्चिमेस उत्तर समुद्रात ब्रिटनची १५१ आणि जर्मनीची ९९ जहाजे एकमेकांसमोर आली. जर्मन ताफ्याचे सेनापती राइनहार्ड शेअर होते. त्या दुपारी लंडनच्या गुप्तसंदेश कक्षातील माहितीचा चुकीचा अर्थ लावून शेअर अजून बंदरातच आहेत, असे जेलिको यांना कळवले गेले, त्यामुळे ते इंधन राखत सावकाश येत होते.

पुढे असलेल्या डेव्हिड बीटी यांच्या बॅटलक्रूझर, म्हणजे मोठ्या तोफांच्या पण हलक्या चिलखताच्या वेगवान युद्धनौकांच्या तुकडीची जर्मन तुकडीशी गाठ पडली आणि अर्ध्या-पाऊण तासात ‘इंडिफॅटिगेबल’ आणि ‘क्वीन मेरी’ या दोन नौका स्फोटाने नाहीशा झाल्या. एकट्या ‘क्वीन मेरी’वर १,२६६ जण गेले. तोफा भराभर डागता याव्यात म्हणून दारूगोळ्याच्या वाटेवरील आगरोधक दारे उघडी ठेवण्याची घातक सवय बीटी यांच्या तुकडीत रुजली होती. समोरून जर्मनीचा मुख्य ताफा येताना दिसताच बीटी उत्तरेकडे वळले आणि शेअर यांना जेलिको यांच्या दिशेने ओढत घेऊन आले.

सव्वासहाच्या त्या निर्णयाला एवढे महत्त्व का दिले जाते?

जेलिको यांच्या २४ युद्धनौका प्रत्येकी चार अशा सहा रांगांत चालल्या होत्या. लढण्यासाठी त्यांची एकच लांब ओळ करायची होती, आणि त्या रचनेला वीसेक मिनिटे लागतात. ओळ उजव्या टोकाच्या रांगेमागे लावायची की डाव्या, हे ठरवण्यासाठी शत्रू कोठे आहे आणि कोणत्या दिशेने चालला आहे, हे कळायला हवे होते. हवा धूसर होती, धूर दाटला होता, बीटी यांच्याकडून येणारी माहिती तुटपुंजी होती आणि दोन्ही तुकड्यांच्या नकाशांवरील स्थानांत काही मैलांची तफावत होती.

उजवी रांग शत्रूला जवळची होती. तिच्यामागे ओळ लावली असती तर लढाई लगेच जुंपली असती, परंतु ओळ पूर्ण होण्याआधीच पुढची जहाजे जर्मन तोफांच्या आणि पाणतीरांच्या (टॉर्पेडोंच्या) माऱ्यात सापडली असती. जेलिको क्षणभर होकायंत्राकडे पाहत राहिले आणि त्यांनी डावीकडच्या रांगेवर ओळ लावण्याचा हुकूम दिला. त्याचा परिणाम असा झाला, की धुक्यातून बाहेर पडलेल्या शेअर यांना आपल्या वाटेवर आडवी पसरलेली ब्रिटिश तोफांची एक अखंड भिंत दिसली. जर्मन जहाजे पश्चिमेच्या उजेडावर उठून दिसत होती, तर ब्रिटिश जहाजे पूर्वेच्या अंधुकात दडलेली होती. शिवाय ब्रिटिश ताफा जर्मनांच्या घरच्या वाटेकडे सरकला होता. वादळी आयुष्यातील सारे शिक्षण त्या काही सेकंदांत एकवटले होते, असे मला हा प्रसंग वाचताना दर वेळी वाटते.

शेअर यांनी सर्व जहाजांना एकाच वेळी जागच्या जागी वळवून पळ काढला. थोड्या वेळाने ते पुन्हा त्याच ओळीसमोर आले आणि पुन्हा तसेच वळले.

मग पळणाऱ्या शत्रूकडे पाठ का फिरवली?

सव्वासातच्या सुमारास आपली माघार झाकण्यासाठी शेअर यांनी विनाशिका पुढे पाठवल्या आणि त्यांनी सुमारे तीस पाणतीर सोडले. जेलिको यांनी आपली ओळ दोन टप्प्यांत एकूण ४५ अंशांनी दूर वळवली. एकही पाणतीर लागला नाही, पण तेवढ्या वेळात जर्मन ताफा दिसेनासा झाला. पाणतिरांच्या दिशेने वळून त्यांच्यामधून वाट काढायला हवी होती, अशी टीका पुढे झाली.

मला हा आक्षेप पटत नाही. पाणतिरांच्या माऱ्यात दूर वळणे ही तेव्हा सर्वमान्य रीत होती, ती लेखी कळवलेली होती आणि ॲडमिरल्टीने मान्य केलेली होती. आपली जहाजे पाण्याखालच्या आघाताला कितपत टिकतात, हे ती बांधून घेणाऱ्या माणसाहून अधिक कोणाला ठाऊक असणार?

रात्रीच्या वेळी जर्मन ताफा निसटला, तो दोष कोणाचा?

येथे मात्र त्यांची बाजू पूर्णपणे घेता येत नाही. रात्रीच्या लढाईचे शिक्षण ब्रिटिश ताफ्याला पुरेसे नव्हते, म्हणून पहाटे गाठू या बेताने ते दक्षिणेकडे जात राहिले. शेअर त्यांच्या पिछाडीला असलेल्या विनाशिकांमधून रस्ता काढत डेन्मार्कच्या किनाऱ्याजवळील हॉर्न्स रीफ या उथळ भागामार्गे घरी गेले. मागे तोफांचा गडगडाट आणि शोधदिव्यांचा झगमगाट चालू असताना ध्वजनौकेवरून त्याची कसून चौकशी झाली नाही.

तरीही दोषाचा मोठा वाटा इतरांचा आहे. शेअर यांनी पहाटे हॉर्न्स रीफवर हवाई टेहळणी मागितली होती आणि तो संदेश लंडनने उलगडलाही होता. त्यातून त्यांची वाट उघड होत होती, पण तो जेलिको यांना पाठवलाच नाही. जो दुसरा संदेश पाठवला तो आधीच्या चुकांमुळे त्यांना विश्वासार्ह वाटला नाही. मागच्या ब्रिटिश युद्धनौकांपैकी ‘मलाया’वरून तर जर्मन जहाजे ओळखली गेली होती. सेनापतीला दिसतच असेल असे समजून कोणी कळवले नाही. वरून हुकूम येईपर्यंत गप्प राहण्याची ही सवय तपशीलवार सूचनांच्या पद्धतीनेच वाढीस लावली होती, आणि त्या पद्धतीचे जनक जेलिको होते.

जटलंड कोणी जिंकले?

ब्रिटनची १४ जहाजे आणि ६,०९४ माणसे गेली, तर जर्मनीची ११ जहाजे आणि २,५५१ माणसे. हे आकडे पाहून जर्मनीने विजय जाहीर केला आणि ब्रिटिश जनता सुन्न झाली. परंतु २ जूनच्या रात्री जेलिको यांनी ताफा चार तासांच्या सूचनेवर पुन्हा निघायला तयार असल्याचे कळवले, तर जर्मन ताफ्याला दुरुस्तीसाठी अनेक आठवडे लागले. ४ जुलै रोजी शेअर यांनी सम्राटाला दिलेल्या अहवालात, पृष्ठभागावरील लढाईने ब्रिटनला नमवता येणार नाही, व्यापारी जहाजांवर पाणबुड्या सोडणे हाच उपाय आहे, असे लिहिले. उत्तर यात आले आहे.

बीटी आणि जेलिको यांच्यात वैर होते का?

वैयक्तिक वैरापेक्षा त्यांच्या समर्थकांतला वाद अधिक कडवा होता. १९१९ मध्ये कॅप्टन हार्पर यांच्याकडे लढाईचा अधिकृत वृत्तांत सोपवला गेला. त्याच वर्षी फर्स्ट सी लॉर्ड झालेल्या बीटी यांनी त्यात आपल्या तुकडीबाबत बदल सुचवले आणि प्रकाशन वर्षानुवर्षे रखडले. आपल्या बाजूने जेलिको यांनी बरेचसे मौन पाळले. १९३५ मध्ये आजारी असतानाही बीटी त्यांच्या अंत्ययात्रेत चालले आणि काही महिन्यांतच तेही गेले.

१९१७ मध्ये काफिला पद्धतीला त्यांनी विरोध केला होता का?

सुरुवातीला, होय. व्यापारी जहाजांना एकत्र करून युद्धनौकांच्या पहाऱ्यात नेले तर शत्रूला मोठे सावज मिळेल, जहाजांना रांग धरून चालता येणार नाही आणि बंदरे तुंबतील, असे ॲडमिरल्टीचे म्हणणे होते. फेब्रुवारी १९१७ पासून जर्मन पाणबुड्या कोणतीही सूचना न देता जहाजे बुडवू लागल्या आणि एकट्या एप्रिलमध्ये साडेआठ लाख टनांहून अधिक जहाजे गेली.

या वादातील एक आकडा शिकण्यासारखा आहे. ब्रिटिश बंदरांत आठवड्याला सुमारे २,५०० जहाजे येतात व तितकीच जातात, असा हिशेब प्रसिद्ध होत असे. एवढ्यांना पहारा देणे अशक्यच होते. एका तरुण कमांडरने तपासले तेव्हा त्यात किनाऱ्यावरच्या लहान फेऱ्या मोजल्या असून महासागर ओलांडणारी जहाजे आठवड्याला सव्वाशे-दीडशेच्या आसपासच असल्याचे दिसले. २७ एप्रिल रोजी जेलिको यांनी काफिल्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. पंतप्रधान लॉइड जॉर्ज ॲडमिरल्टीत गेले ते ३० एप्रिल रोजी, त्यामुळे त्यांनी स्वतः जाऊन हुकूम सोडला ही कथा तारखांशी जुळत नाही. तरीही हा निर्णय दोन-तीन महिने आधी व्हायला हवा होता. तोफगोळ्याच्या कोनापर्यंत विचार करणाऱ्या माणसाने हा हिशेब स्वतः तपासला नाही, ही त्यांच्या कारकिर्दीतील मला सर्वांत मोठी चूक वाटते.

या पाणबुडी युद्धाची झळ आपल्याकडे पोहोचली का?

पोहोचली, आणि आपण ती जवळजवळ विसरलो आहोत. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर भारतीय खलाशी, आगवाले आणि भांडारी हजारोंनी होते, आणि त्यांत रत्नागिरीकडचे कोकणी आणि गोव्याचे लोक मोठ्या संख्येने होते. बॉयलरशी काम करणारा माणूस जहाजाच्या तळाशी असे, म्हणून पाणतीर लागला की त्याला वाट मिळणे सर्वांत कठीण. मुंबईत मस्जिद बंदर भागातील इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रातच ज्यांचा अंत झाला अशा दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे.

युद्ध मुंबईच्या दारातही आले होते. जर्मनीच्या ‘वुल्फ’ या छुप्या युद्धनौकेने पेरलेल्या सुरुंगावर आदळून २३ जून १९१७ रोजी ‘मोंगोलिया’ ही टपालबोट मुंबईजवळ बुडाली.

त्यांना पदावरून का काढले?

ते थकले होते, सर्व कागद स्वतः पाहण्याची सवय सुटत नव्हती आणि बोलण्यात निराशा होती. जून १९१७ मध्ये, जहाजांच्या तुटवड्यामुळे १९१८ साठी बेत करण्यात अर्थ नाही, असे त्यांनी युद्ध समितीत सांगितले, तेव्हा मंत्री चमकले. नवे नौदलमंत्री एरिक गेडिस यांनी अखेर २४ डिसेंबर १९१७ रोजी, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, पत्र पाठवून त्यांना पदमुक्त केले. बदलाला कारणे होती, परंतु ज्या रीतीने तो केला गेला ती रीत पंचेचाळीस वर्षांच्या सेवेला शोभणारी नव्हती.

१९१९ मध्ये ते मुंबईत कशासाठी आले होते?

साम्राज्यातील देशांनी आपले सागरी संरक्षण कसे उभारावे, याचा सल्ला देण्यासाठी ते ‘न्यूझीलंड’ या बॅटलक्रूझरमधून जगप्रवासाला निघाले आणि मार्चमध्ये पहिल्यांदा मुंबईत पोहोचले. भारतात तेव्हा ‘रॉयल इंडियन मरीन’ हे दल होते. त्याचे रूपांतर लढाऊ नौदलात, म्हणजे ‘रॉयल इंडियन नेव्ही’त होण्यास १९३४ साल उजाडावे लागले. याच दौऱ्यात त्यांनी जपान हा भावी शत्रू ठरेल असे गृहीत धरून अतिपूर्वेसाठी आठ युद्धनौका आणि आठ बॅटलक्रूझरांचा ताफा सुचवला. जपान तेव्हा ब्रिटनचा मित्र होता आणि तिजोरी रिकामी होती, त्यामुळे लंडनला हा अहवाल रुचला नाही.

नंतरचे आयुष्य कसे गेले?

१९२० ते १९२४ ते न्यूझीलंडचे गव्हर्नर जनरल होते आणि लोकांना फार आवडले. तेथे ते ‘आयर्न ड्यूक’ नावाच्या छोट्या शिडाच्या होडीतून शर्यतीत उतरत. १९२५ मध्ये त्यांना अर्ल ही पदवी मिळाली आणि १९२८ पासून चार वर्षे ते माजी सैनिकांच्या ब्रिटिश लीजन या संस्थेचे अध्यक्ष होते. नोव्हेंबर १९३५ मध्ये युद्धात पडलेल्यांच्या स्मृतिदिनाच्या सुमारास त्यांना थंडी बाधली आणि न्यूमोनियाने त्यांचा अंत झाला. सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये त्यांचे दफन झाले, तेव्हा बेइचांगची गोळी त्यांच्या फुप्फुसात तशीच होती.